बेलापूरच्या एका बागेतले दिवे: सोलर की वायर?

ठिकाण बेलापूर, नवी मुंबई. पारसिक टेकडीच्या पायथ्याजवळचे, ओळीतले शेवटचे रो-हाउस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापे, आकडे आणि चुका मात्र जशाच्या तशा आहेत.

पार्श्वभूमी

घर पूर्वाभिमुख, तळमजला अधिक एक, उंची साडेसहा मीटर. पुढे सात मीटर रुंद आणि साडेचार मीटर खोल अंगण. अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात वीस वर्षांचा आंबा, फाटकावर मधुमालती. ओळीतले टोकाचे घर असल्याने उत्तरेला दीड मीटर रुंदीचा, नऊ मीटर लांबीचा एक पट्टा मिळालेला. तो अंगणापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत जातो. त्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. पट्ट्यात जास्वंद, तगर आणि प्राजक्त.

घरात साठीच्या आसपासचे काका-काकू आणि ८४ वर्षांच्या आजी. आजी पहाटे साडेपाचला मागच्या दाराने उतरून पूजेची फुले काढतात. हा नेम कोणी मोडू शकलेले नाही, त्यामुळे पुढचा सगळा विचार त्याला धरूनच करावा लागला.

दिवाळीत या कुटुंबाने जमिनीत खोचायचे बारा सोलर दिवे घेतले, प्रत्येकी ४५० रुपयांना. पाच उघड्या अंगणात, तीन आंब्याभोवती, चार उत्तरेच्या पट्ट्यात. खोदकाम नाही, वीजबिल नाही, काम अर्ध्या तासात संपले.

अडचण कशी पुढे आली

पहिल्याच आठवड्यात फाटकाजवळचे दोन दिवे लागेनात. ते परत करायला निघाले होते, पण दोष दिव्यांत नव्हता. स्वस्त सोलर दिव्यात अंधार ओळखायला वेगळा सेन्सर नसतो. पॅनेलचा व्होल्टेज पडला की सर्किट रात्र झाली असे समजते. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत थेट पॅनेलवर पडत असेल, तर त्याच्या लेखी सूर्य मावळतच नाही. दिवे फाटकाच्या खांबाआड सरकवले आणि लागले.

पट्ट्यातले चार दिवे साडेसातच्या आत विझत. आंब्याखालचे तीन त्यानंतर थोड्या वेळाने. उघड्या अंगणातले पाच अकरा-साडेअकरापर्यंत टिकत, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. पावसाळा लागला तसे तेही नऊच्या सुमारास मालवू लागले. जुलैत एका पहाटे आजींचा पाय खालच्या पायरीवर, शेवाळावरून घसरला. मनगट मुरगळण्यावर निभावले. पायथ्याकडे पावसाळ्यात धामण, क्वचित घोणसही दिसते, त्यामुळे अंधारात फुले काढण्याची काळजी आधीपासून होतीच. आता निर्णय टाळता येईना.

दिवे का विझत होते

नवे काही विकत घेण्याआधी काकांनी एक चांगली गोष्ट केली: मल्टीमीटर आणून पॅनेलचा शॉर्ट-सर्किट प्रवाह मोजला. दिवा उघडून बॅटरी काढायची, मीटर २०० मिलिअँपिअरच्या डीसी रेंजवर ठेवायचा आणि दोन टोके पॅनेलच्या दोन तारांना लावायची. इतक्या लहान पॅनेलला याने काही होत नाही. मोठ्या छपरावरच्या पॅनेलवर हा प्रयोग करू नये.

दिव्यावर लिहिले होते: पॅनेल १ वॅट, बॅटरी ३.७ व्होल्ट १२०० मिलिअँपिअर-तास. कमाल प्रवाह साधारण १८० मिलिअँपिअर यायला हवा. ऑक्टोबरात सकाळी अकराला उघड्या अंगणात १६५ आला. आंब्याखाली २२. पट्ट्यात १४. भर जुलैत ढगाळ हवेत उघड्या अंगणातच २८ आला होता.

दिवा खातो सुमारे १३५ मिलिअँपिअर. पूर्ण उन्हाचे साडेचार तास धरले, तर १६५ गुणिले साडेचार म्हणजे सुमारे ७४० मिलिअँपिअर-तास. साठवताना दहा टक्के गेले की ६७०. त्यावर दिवा पाच तास चालतो. पट्ट्यात १४ मिलिअँपिअर नऊ तास मिळाले तरी १२६ होतात, म्हणजे जेमतेम पन्नास मिनिटे. पावसाळ्यात उघड्यावरच्या दिव्याला २८ गुणिले नऊ, म्हणजे २५०. पावणेदोन तासांचा खेळ. वहीत लिहिलेल्या विझण्याच्या वेळा या हिशेबाशी जवळजवळ तंतोतंत जुळल्या. बॅटरी पूर्ण भरून-रिकामी करून पाहिली, तर लेबलवरच्या १२०० ऐवजी ७४० भरली. अशा दिव्यांच्या लेबलवर किती विसंबायचे ते यावरून कळते.

उत्तरेच्या पट्ट्याचे दुखणे याहून खोल होते. बेलापूर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, तेव्हा साडेसहा मीटर उंच घराची सावली उत्तरेला जवळजवळ सहा मीटर पडते. दीड मीटरचा पट्टा त्यात बुडून जातो. माध्यान्हीचा सूर्य घराच्या उत्तरेला सरकतो तो शून्य सावलीच्या (माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो त्या) दोन दिवसांच्या मधल्या काळात, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत. या अडीच महिन्यांतले शेवटचे सहा-सात आठवडे पावसाळी ढगांखाली जातात. थोडक्यात, या पट्ट्यात ऊन पोचते तेव्हा आकाश झाकलेले, आणि आकाश मोकळे असते तेव्हा घर आडवे. पॅनेल कितीही चांगले घेतले तरी या जागी ते उपाशीच राहणार.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय, त्याच जागी महाग सोलर दिवे. वरचा हिशेब केल्यावर तो पाच मिनिटांत बाद झाला.

दुसरा, गच्चीवर एकच मोठे पॅनेल आणि खाली वायरने जोडलेले दिवे. दिवे साधारण १८ वॅटचे, रोज सहा तास: १०८ वॅट-तास. पावसाळ्यात दिवसाला अडीच तासांचे पूर्ण ऊन आणि तीस टक्के गळती धरली, तर किमान ६२ वॅट, म्हणजे बाजारातले ७५ वॅटचे पॅनेल लागते. सलग तीन काळे दिवस निभवायचे तर १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-तासाची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी. पॅनेल, बॅटरी, चार्ज कंट्रोलर मिळून कोटेशन पंधरा हजारांच्या घरात गेले, आणि त्यात दिवे, वायर, चर यांचा खर्च धरलेलाच नव्हता. सोलरचा मुख्य फायदा म्हणजे खोदावे लागत नाही. इथे तोच उरत नव्हता. गच्चीवर सोलर करायचेच असेल तर ते घराच्या मीटरला जोडून करावे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा जास्तीवर ७८,००० रुपये अनुदान आहे. मग बागेचे दिवेही आपोआप त्यात आले. फक्त अशी ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद होते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा पर्याय इलेक्ट्रिशियनचा. "काका, कशाला ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीत पडता? सरळ २३० ची लाइन ओढू." त्याच्या दृष्टीने ते सोपे होते, दिवेही कोणत्याही दुकानात मिळतात. पण जमिनीखालून २३० व्होल्ट न्यायचे तर आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल हवी, ती किमान अर्धा-पाऊण मीटर खोल हवी, प्रत्येक धातूच्या दिव्याला अर्थिंग हवे. या बागेत महिन्यातून दोनदा माळी खुरपे आणि कुदळ घेऊन येतो, पट्ट्यात पावसात घोटाभर पाणी साचते, आणि तिथे सर्वात जास्त चालणारी व्यक्ती ८४ वर्षांची, बहुधा अनवाणी. आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असली तरी हा धोका विकत घ्यायचे कारण नव्हते.

चौथा पर्याय, कमी व्होल्टेजची वायर. ड्रायव्हर (२३० व्होल्ट उतरवून कमी व्होल्टचा डीसी देणारा डबा) पोर्चमध्ये, बागेत फक्त १२ किंवा २४ व्होल्ट डीसी. खुरप्याने वायर कापली गेली तर दिवा विझेल, माणसाला झटका बसणार नाही.

निर्णयाचा पहिला टप्पा: कोणता दिवा कशासाठी

सगळी बाग एकाच पद्धतीने उजळायची, हे गृहीतक इथे सोडून दिले. प्रत्येक दिव्याला दोन प्रश्न लावले. हा विझला तर कोणी पडेल का? आणि वर्षातल्या सर्वात वाईट आठवड्यात त्याच्या डोक्यावर ऊन किती?

पायऱ्या आणि पट्टा पहिल्याच प्रश्नाला वायरवर गेले. अंगणातली पायवाटही वायरवर. आंब्यावर खालून टाकायचा झोत केवळ शोभेचा, पण सावलीमुळे तोही वायरवर. फाटकाचे दोन आणि कुंड्यांमधले तीन दिवे मात्र सोलरच राहू दिले: तिथे ऊन आहे, आणि ते नऊला विझले तरी कोणाचे अडत नाही. उरलेल्या सातांतले दोन गच्चीच्या कठड्यावर गेले, बाकीचे वाटून टाकले.

दुसरा टप्पा: १२ की २४ व्होल्ट

इथे इलेक्ट्रिशियन आणि काका यांच्यात खरा वाद झाला, आणि तो घालण्यासारखाच होता. बारा व्होल्टचे दिवे वाशीत हाताशी मिळत होते. चोवीसचे लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, सांगून मागवावे लागले.

पट्ट्याकडे जाणारी वायर १९ मीटर, जाऊन-येऊन ३८. तिच्यावर ३ वॅटचे चार आणि दीड वॅटचे दोन दिवे, एकूण १५ वॅट. बारा व्होल्टवर १.२५ अँपिअर. इलेक्ट्रिशियनने आणलेल्या ०.७५ चौरस मिलिमीटर वायरचा रोध किलोमीटरला २६ ओहम. सगळा भार टोकाला धरला तर १.२४ व्होल्ट गळतात, म्हणजे दहा टक्के. साध्या रेझिस्टरवर चालणारे एलईडी एवढ्यात टोकाला स्पष्ट मंद दिसतात. तीच वायर २४ व्होल्टवर वापरली तर गळती अडीच टक्के. १.५ चौरस मिलिमीटर घेतली तर सव्वा टक्का.

शेवटी २४ व्होल्ट आणि १.५ ची वायर ठरली. विजेच्या हिशेबाने ०.७५ चालली असती, पण जाड वायर यांत्रिकदृष्ट्या टिकते आणि पुढे दिवे वाढवता येतात. वायरच्या किमतीत फरक काहीशे रुपयांचा होता.

प्रत्यक्ष काम

काम नोव्हेंबरात केले. मुरूम तेव्हा जरा ओलसर असतो, मेमध्ये त्यावर पहार उसळते.

चर एक फूट खोल, आंब्याच्या बुंध्यापासून दीड मीटर दूर. पट्ट्यात घराच्या भिंतीलगत सांडपाण्याचे चेंबर आणि पाण्याची लाइन होती, म्हणून चर कुंपणाच्या बाजूने नेला. त्यात २० मिलिमीटरचा एचडीपीई (टणक प्लॅस्टिकचा) पाइप आणि आत दोन कोअरची आवरण असलेली तांब्याची लवचीक वायर. एकूण ३४ मीटर: अंगणाला १२, पट्ट्याला १९, उरलेली दिव्यांपाशी सैल सोडायला.

ड्रायव्हर ४० वॅटचा, आयपी ६७ (धूळ-पाणी किती रोखते त्याची श्रेणी). भार: ३ वॅटचे सहा खांबदिवे, दीड वॅटचे दोन पायरीदिवे, आंब्याखाली ५ वॅटचा एक, एकूण २६ वॅट. क्षमतेच्या दोन-तृतीयांश भारावर ड्रायव्हर थंड राहतो. तो इनपुट-आउटपुट पूर्ण वेगळे असलेला, म्हणजे आयसोलेटेड, आहे ना हे मुद्दाम पाहिले. पोर्चमध्ये सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर, खालून हवा जाईल अशा पेटीत बसवला. पेटी चारी बाजूंनी बंद केली तर मेच्या उकाड्यात आतला ड्रायव्हर भाजून निघतो. डीसी बाजूला दोन्ही शाखांवर २ अँपिअरचा एकेक फ्यूज. आरसीसीबीला २४ व्होल्टच्या बाजूचा दोष दिसत नाही, त्यामुळे तो फ्यूज ऐच्छिक नाही.

चालू-बंद करायला खगोलीय टायमर, म्हणजे तारखेनुसार सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ स्वतःच काढणारा. इकडे सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीला सात-वीसच्या सुमारास होतो. साधा टायमर वर्षातून चार-पाचदा हाताने फिरवावा लागतो, आणि दुसऱ्या वर्षी कोणी फिरवत नाही. सूर्यास्ताला चालू, अकराला बंद, पहाटे साडेचारला पुन्हा चालू, सूर्योदयाला बंद. दिव्यांचा रंग ३००० केल्विन, पिवळसर. पांढऱ्या-निळसर उजेडावर पावसाळी किडे जास्त झेपावतात.

वीज गेल्यावर काय, हा सोलरच्या बाजूचा शेवटचा मुद्दा उरला होता. घरात इन्व्हर्टर होताच. २६ वॅट म्हणजे त्याला नगण्य, म्हणून ड्रायव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकला.

काय बिघडले

जोडल्या संध्याकाळीच आरसीसीबी ट्रिप झाली. बागेत शोधाशोध झाली. दोष पोर्चच्या स्विचबोर्डात निघाला. ड्रायव्हरला फेज इन्व्हर्टरच्या लाइनचा आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्या सर्किटचा दिला होता. जाणारा आणि येणारा प्रवाह वेगळ्या वाटांनी गेला की आरसीसीबी त्याला गळतीच समजते. दोन्ही एकाच सर्किटमधून घेतल्यावर प्रश्न मिटला.

दुसरा बिघाड जूनपर्यंत दडून राहिला. पहिल्या चांगल्या पावसानंतर पट्ट्यातले शेवटचे दोन दिवे लुकलुकू लागले. जोड उकरला तर आत हिरवी भुकटी. पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळली होती. डीसीवर ओला जोड एसीपेक्षा फार लवकर कुजतो, कारण प्रवाह कायम एकाच दिशेने वाहतो आणि धन बाजूचे तांबे विरघळत जाते. त्यात खाडीची खारट हवा. सर्व नऊ जोड नव्याने केले: सोल्डर, त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी, आणि जोड जमिनीत न ठेवता दिव्याच्या खांबात वर ओढून घेतला. खर्च १,३०० रुपये. पहिल्या वेळी हेच केले असते तर अर्धा दिवस जास्त लागला असता, इतकेच.

पाइपाची तोंडे उघडी ठेवल्याने पट्ट्याचे पाणी पाइपातून वाहत थेट पायरीदिव्याच्या खोबणीत येत होते. तो दिवा आयपी ६५ चा होता. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल; बुडून राहणे त्याच्या करारात नाही. त्याजागी आयपी ६७ चा बसवला, खोबणीखाली चार इंच खडी घातली, पाइपाची तोंडे सिलिकॉनने बंद केली आणि सर्वात सखल ठिकाणी पाइपाला खालून भोक पाडले.

एका खांबदिव्यात मुंग्यांनी वारूळ मांडले. पीजी ९ ग्लँड (केबल आत शिरते तिथे घट्ट बसणारे बूच) चार ते आठ मिलिमीटर जाडीची एक केबल धरते. तिच्यातून दोन केबल कोंबल्या होत्या आणि मधल्या फटीतून मुंग्या व ओल दोन्ही आत शिरल्या. दोन ग्लँड बसवल्या.

आणि शेजारच्या वहिनींनी सांगितले, "तुमचा तो कोपऱ्यातला दिवा आमच्या बेडरूममध्ये येतो हो." खांब दोन फुटांचे होते, कुंपणाच्या जाळीतून झोत पलीकडे जाई. पट्ट्यातले चारही सव्वा फुटांवर आणले. उजेड पायांपाशी जास्त पडू लागला, म्हणजे तक्रारीमुळे काम सुधारलेच.

निष्पत्ती

पूर्ण खर्च २०,२०० रुपये: दिवे ८,२००, ड्रायव्हर आणि टायमर ३,६००, वायर-पाइप-ग्लँड ३,८००, मजुरी ४,६००. वर जोडांचे १,३०० आणि बदललेल्या पायरीदिव्याचे ८०० वेगळे. सात तास रोज चालून ड्रायव्हरच्या गळतीसह महिन्याला साडेसहा युनिटच्या आत. युनिटला १२ रुपये धरले तरी पाऊणशे-ऐंशी रुपये. दुरुस्तीनंतर उरलेला पावसाळा एकही दिवा न विझता गेला. पायरीवरचे शेवाळ दर पंधरवड्याला घासावेच लागते, ते काम दिव्याने होत नाही.

सोलरच्या सात दिव्यांपैकी दोघांच्या बॅटऱ्या दुसऱ्या उन्हाळ्यात गेल्या; प्रत्येकी १२० रुपयांत बदलल्या. एका पॅनेलवरचे इपॉक्सी पिवळे पडले आहे. काचेचे पॅनेल असलेले दिवे घेतले असते तर हे झाले नसते.

काय वेगळे करता आले असते

मल्टीमीटरची चाचणी दिवाळीतच, एक दिवा विकत आणून, करता आली असती. एक दिवा प्रत्येक जागी दोन-दोन दिवस ठेवून विझण्याची वेळ लिहिली की निम्मे उत्तर मिळते. बारा एकदम घ्यायची गरज नव्हती.

चर खणण्याआधी वायर जमिनीवरच पसरून, दिवे विटांच्या आधाराने उभे करून आठवडाभर पाहायला हवे होते. उंचीची चूक आणि शेजारच्या खिडकीतला झोत तेव्हाच कळला असता. अंगणातला एक खांबदिवा आजही नको तिथे आहे. फाटक उघडले की त्याच्या मागे जातो.

पाइपात वायरबरोबर नायलॉनची एक दोरी सोडायला हवी होती, पुढे दुसरी वायर ओढायला. ती राहिली. पायऱ्यांजवळ हालचालीवर लागणारा जास्तीचा दिवा आता हवा आहे, आणि त्यासाठी नऊ मीटर पाइपातून स्टीलची पट्टी ढकलून पाहणे चालू आहे. कुंपणाच्या वळणाशी ती अडते.

दिवे घेताना त्याच मॉडेलचे दोन जास्त घ्यायला काकूंनी सुचवले होते. एकच घेतला. मेमध्ये माळ्याच्या कुदळीने एक खांबदिवा फुटला तेव्हा तो कामी आला. दुसरा आणायला लोहार चाळीत गेले, तर ते मॉडेल बंद झाले होते.